काटा कुठे होता, ते आधी सांगा

पत्र थोडक्यात असं: एका वाचक ताईंकडे पेट्रोलवर चालणारी, १३ वर्षं जुनी, १,४८,००० किलोमीटर झालेली गाडी आहे. मूळची वडिलांची. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर त्यांनी ती मुलीच्या हाती दिली. महिन्यापूर्वी आईला घेऊन रात्री परतताना गाडी तापली, जोर कमी होत गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि घर जवळ आलेलं असताना ती बंद पडली. मदतीला थांबलेल्या एका माणसाने बाटलीतलं गार पाणी ओतलं, तरी गाडी पुन्हा सुरू झाली नाही. गॅरेजमध्ये मेकॅनिकने स्टार्टर मारला, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "इंजिन गेलं." त्याने तीन आकडे दिले. गाडीची चालू स्थितीतली किंमत १०० धरली, तर दुसऱ्या गाडीतून काढलेलं जुनं इंजिन बसवायला मजुरीसकट ४५, आहे तेच इंजिन पूर्ण खोलून बांधायला ६०, आणि कंपनीचं नवं टाकायला १२० च्या पुढे. आहे तशी विकली तर २० मिळतील. नवरा म्हणतो, दुरुस्ती किमतीच्या निम्म्याला टेकली की गाडी काढून टाकायची. सहा महिन्यांपूर्वी टायर नवे घातले, गेल्या वर्षी क्लच बदलला, तो खर्च ताईंच्या मनातून जात नाही. वडिलांनी तापमान दाखवणाऱ्या काट्याबद्दल फक्त एकदा विचारलं, "काटा कुठे होता?" ताई म्हणाल्या, "लक्ष नव्हतं." पत्राच्या तळाशी त्या लिहितात: "खरं तर वीस मिनिटं तो लाल पट्ट्यात होता आणि मी बघत होते. अंधार होता, रस्ता निर्मनुष्य होता, आई मागे झोपली होती. आता मला वाटतं इंजिन मीच बदलून द्यावं. बरोबर आहे ना?"

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही अगदी तळाशी लिहिलंय. काटा वीस मिनिटं लाल पट्ट्यात होता. तुम्ही ते कबुली म्हणून लिहिलंत. मला त्यात निदानाचं निम्मं काम झालेलं दिसलं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारते: हे मेकॅनिकला सांगितलंय का? पत्राच्या सुरावरून वाटतं, नाही. बाबांना जे उत्तर दिलंत तेच गॅरेजलाही दिलं असणार.

मेकॅनिकचं आणि डॉक्टरचं काम इथे सारखंच असतं. समोरचा काय सांगतो यावर तो आधी कुठे हात घालणार ते ठरतं. "चालता चालता अचानक बंद पडली" ऐकलं की त्याचं डोकं टायमिंग बेल्टकडे, फ्युएल पंपाकडे, वायरिंगकडे जातं. "काटा वीस मिनिटं वर होता, जोर हळूहळू गेला, वाफ आली, नंतर तापलेल्या इंजिनात गार पाणी पडलं" हे ऐकलं की तो रेडिएटर, पाण्याचा पंप, हेड गॅस्केट आणि तडा या चार गोष्टींकडे जाईल. तडा का, तर तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी पडलं की हेड (इंजिनाचा वरचा, झाकणासारखा भाग) किंवा ब्लॉक (खालचा, सिलिंडर असलेला भाग) चिरू शकतो. त्या भल्या माणसाने मदतच केली, त्याला बोल लावू नका; पण पाणी ओतलं होतं ही गोष्ट मेकॅनिकला कळायलाच हवी.

आता "इंजिन गेलं" या दोन शब्दांकडे येऊ. या दोन शब्दांत किमान दहा वेगवेगळे आजार मावतात आणि त्यांचे खर्च एकमेकांच्या जवळपासही नसतात.

तुमच्या गाडीत बहुधा काय झालं ते सांगते. इंजिनातलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, साधारण ९० अंशांच्या आसपास राहावं अशी रचना असते. ते दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंश ओलांडले तरी लगेच उकळत नाही. पण एखादा होज (पाण्याची रबरी नळी) फुटला, रेडिएटरचं झाकण दाब धरेनासं झालं, पंप गळायला लागला किंवा पंखा फिरायचा थांबला, की पाणी उकळून वाफ होऊन बाहेर पडतं. मग हेडमधून उष्णता काढून न्यायला काही उरत नाही. बहुतेक गाड्यांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, आणि ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. हे हेड बोल्टांनी ब्लॉकवर आवळलेलं असतं. फुगायला जागा नाही, म्हणून ते वाकतं. किती वाकलं तर नुकसान? अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ०.०५ मिलिमीटरच्या आसपास मर्यादा दिलेली असते, म्हणजे एखाद्या बारीक केसाइतकी. तेवढ्या वाकण्याने हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट (फट बंद करणारी पातळ चकती) उडतं, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) निसटतं आणि जोर जातो. तुम्हाला जाणवलेलं "गाडी ओढेनाशी झाली" ते हेच असावं.

इथपर्यंतच नुकसान झालं असेल तर इंजिन मेलेलं नाही. हेड उतरवायचं, तडा गेलाय का ते तपासायचं, फेस करून सपाट करायचं, नवं गॅस्केट आणि जिथे लागतात तिथे नवे बोल्ट घालून परत बसवायचं. काम मोठं आहे, पण इंजिन बदलण्याच्या तुलनेत खर्च खूपच कमी.

गाडी त्यापुढेही तशीच चालली असेल तर मात्र उष्णता खाली उतरते. पिस्टन फुगून सिलिंडरच्या भिंतीला घासतात, पिस्टनभोवतीच्या रिंगा आपला ताण सोडतात, ऑइल पाण्यासारखं पातळ होऊन बेअरिंगवरचा त्याचा थर तुटतो. तेव्हा खालचा भाग गेला, आणि तेव्हाच "इंजिन गेलं" हे शब्द खरे होतात. या दोन अवस्थांमध्ये अंतर मिनिटांचं असतं. वीस मिनिटांत यांपैकी काहीही होऊ शकतं, आणि ते कशावर ठरतं? त्या वीस मिनिटांत आत थोडंफार पाणी शिल्लक होतं की सगळं संपलं होतं, यावर.

म्हणून अजून एक गोष्ट आठवून बघा. काटा लाल पट्ट्यात असताना मध्येच एकदम खाली आला होता का? लोकांना तेव्हा हायसं वाटतं, आणि घात तिथेच होतो. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो; पाणीच संपलं की तो हवेत लटकतो आणि काटा पडतो. इंजिन मात्र तेव्हा कोरडं तापत असतं. तुमच्या बाबतीत काटा शेवटपर्यंत वरच असेल तर थोडी जास्त आशा आहे.

मेकॅनिकने स्टार्टर मारून ऐकलं, यात मला चूक दिसत नाही. मुरलेल्या कानाला कॉम्प्रेशन गेलेलं इंजिन लगेच कळतं. फिरताना त्याची लय तुटते. पण कॉम्प्रेशन गेलंय एवढंच कान सांगतो, ते कुठून गेलं हे सांगत नाही. त्यासाठी मोजावं लागतं. त्याच गॅरेजला सांगा, नाहीतर गाडी दुसरीकडे न्या, पण पुढच्या तपासण्या झाल्याशिवाय ४५, ६०, १२० या आकड्यांवर घरात वाद घालू नका.

आधी बाहेरचे पट्टे काढून क्रँकच्या (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरतं का ते बघायचं. फिरलंच नाही तर ते पकडलंय, सीझ झालंय. पट्टे काढायचे अशासाठी की कधी कधी इंजिन ठीक असतं आणि अल्टरनेटर किंवा एसीचा कॉम्प्रेसर जॅम झालेला असतो. फिरत असेल तर प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं. पेट्रोल इंजिनात ते साधारण १० ते १३ बार, म्हणजे गेजवर १५० ते १९० पीएसआयच्या आसपास दिसतं, आणि सिलिंडरा-सिलिंडरातला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असावा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचं रीडिंग एकदम पडलेलं असेल तर गॅस्केट त्या दोघांच्या मधे उडालंय, ही बातमी वाईटांतली बरी. कमी रीडिंग आलेल्या सिलिंडरात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं: रीडिंग वर आलं तर रिंगा गेल्यात, तसंच राहिलं तर दोष व्हॉल्वमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ, चहासारखं झालं असेल तर पाणी ऑइलमध्ये गेलंय. (फक्त ऑइलच्या झाकणाखाली पांढरट थर दिसला म्हणून घाबरू नका, थोडं थोडं अंतर चालणाऱ्या गाडीत तो नुसत्या बाष्पानेही धरतो.) स्पार्क प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून सिलिंडरच्या भिंतीही बघता येतात. हे सगळं एका दुपारचं काम. त्याची मजुरी आनंदाने द्या आणि सगळ्या सिलिंडरांचे आकडे कागदावर लिहून घ्या. जो आकडे लिहून द्यायला कुरकुर करतो, त्याच्या हाती इंजिन उतरवायचं काम देऊ नका.

तपासणीत दोष वरच्या भागातच दिसला, तर हेड उतरवायला सांगा. पण "उघडण्याची मजुरी किती, आणि उघडल्यावर पुढे काम केलं नाही तरी किती" हे आधी ठरवा. यावरून होणारी भांडणं मी बरीच पाहिली आहेत. हेड उतरलं की सिलिंडर डोळ्यांसमोर असतात. भिंतींवर होनिंगच्या (सिलिंडर घडवताना आतून घासण्याच्या) बारीक तिरक्या रेघा अजून दिसत असतील तर १,४८,००० किलोमीटर झालेल्या इंजिनाला तो चांगला दाखला. उभे ओरखडे असतील आणि त्यांत नख अडकत असेल, तर हेडवर खर्च करू नका. तिथून पुढे इंजिन बदलण्याचा किंवा बांधण्याचा विचार सुरू होतो.

आता तुमच्या यजमानांचा नियम. निम्म्याला टेकली की काढून टाका. हा नियम मूर्खपणाचा नाही. जो गाडी विकायलाच बसलाय त्याच्यासाठी तो ठीक आहे. पण तुम्ही गाडी चालवणार आहात. तुमच्या गाडीची बाजारातली किंमत म्हणजे तिच्याबद्दल काहीही माहीत नसलेला माणूस जे देईल ते. तुमचा प्रश्न वेगळा आहे: पुढची काही वर्षं इतपत भरवशाचं वाहन दारात उभं ठेवायला कमीत कमी किती लागेल?

तुमच्याच आकड्यांवर हिशेब मांडू. जुनं इंजिन ४५. त्याच्याबरोबर सस्पेन्शन, होज, रेडिएटर अशी सोबतची कामं २० धरा. एकूण ६५ खिशातून गेले. त्यावर गाडी ४ वर्षं चालली तर वर्षाला १६ पडले. दुसरी वाट: ही २० ला विकली, अशीच दुसरी गाडी १०० ला घेतली, आणि अनोळखी गाडी म्हणून पहिल्या वर्षात तिच्यावर २० घातले. खिशातून गेले १००. ती ५ वर्षं चालली तर वर्षाला २०. म्हणजे निम्म्याच्या नियमाने जी गाडी फेकायची ठरली होती, ती या हिशेबात थोडी स्वस्तच पडते. पण लगेच इंजिनाच्या बाजूने उडी मारू नका. बसवलेलं इंजिन २ वर्षांतच धुरायला लागलं तर वर्षाला साडेबत्तीस. हा हिशेब पैशांपेक्षा वर्षांच्या आकड्यावर हलतो. आणि वर्षं इंजिनावर थोडी, बाकीच्या गाडीवर जास्त ठरतात.

म्हणून गाडी लिफ्टवर चढवून घ्या आणि खालून बघा. गंज कुठे आहे? पत्र्यावरचा गंज फक्त दिसायला वाईट. दाराखालच्या पट्ट्या, फ्लोअर, सस्पेन्शन जिथे बॉडीला धरलेलं असतं त्या जागा आणि इंजिनाची चौकट गंजली असेल तर त्या गाडीत नवं इंजिन म्हणजे भेगाळलेल्या भिंतीला रंग. गिअर सहज पडतात का, गिअरबॉक्स ऐकू येतो का, स्टिअरिंगमध्ये ढिलाई आहे का, वायरिंग कुणी कापून जोडलंय का, या मॉडेलचे सुटे भाग अजून सहज मिळतात का, हेही विचारा. तुमच्याकडे जुन्या वाहनांच्या वयावर किंवा धुरावर काही सरकारी बंधन असेल तर "४ वर्षं" हा आकडा तिथेच कापला जातो. आणि एक प्रश्न जो हिशेबात कुणी धरत नाही: गाडीत एअरबॅग आणि एबीएस आहेत का? आई मागच्या सीटवर झोपून प्रवास करते. गाडी बदलायला सुरक्षितता हे पुरेसं कारण आहे, भले आकडे दुरुस्तीच्या बाजूने असोत.

टायर आणि क्लचचं दुःख मला कळतं, पण त्याचे दोन भाग करा. टायरवर गेलेले पैसे गेले. इंजिन बदललं तरी ते परत येत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे बघून निर्णय घेऊ नका. मात्र पुढची दोन-तीन वर्षं टायर घ्यावे लागणार नाहीत, हा खरा फायदा आहे आणि तो हिशेबात यायला हवा. वरच्या २० मध्ये मी टायर धरलेच नाहीत, ते त्यासाठीच. क्लचचं म्हणाल तर इंजिन उतरलेलं असताना क्लच प्लेट समोरच असते. जुन्या इंजिनाच्या उष्णतेने किंवा ऑइलने तिचं काही झालं नाही ना, ते बघायला जास्तीची मजुरी लागत नाही.

समजा तपासण्या झाल्या, खालचा भाग गेलाय असं ठरलं आणि गाडी अंगाने धडधाकट निघाली. मग पर्याय उरतात ते तुमच्या मेकॅनिकने सांगितले तेच. कंपनीचं नवं इंजिन गाडीपेक्षा महाग. १३ वर्षांच्या गाडीसाठी तो विचार सोडून द्या. उरले दोन.

दुसऱ्या गाडीतून काढलेलं इंजिन हा लवकर होणारा आणि सगळ्यात जास्त नशिबावर चालणारा पर्याय. अपघातात मागून ठोकली गेलेली गाडी असेल तर तिचं इंजिन उत्तम असू शकतं. आणि तुमच्यासारखीच तापून बंद पडलेल्या गाडीचं, वरवर साफ केलेलं इंजिनही तुमच्या गळ्यात पडू शकतं. इंजिनाचा कोड तुमच्या गाडीशी अक्षर न् अक्षर जुळतोय का ते बघा. एकाच मॉडेलमध्ये वर्ष बदललं की सेन्सर, वायरिंगचे कनेक्टर, धुराचे निकष बदलतात, आणि "बसेल हो, थोडं जुळवून घेऊ" या वाक्यातून पुढे महिनाभर चेक इंजिनचा दिवा पेटत राहतो. बसवण्याआधी कॉम्प्रेशन मोजायला लावा. ते इंजिन चालू असताना बघायला मिळालं तर सोन्याहून पिवळं. आणि हमी कशाची आहे ते नीट विचारा. बऱ्याचदा हमी फक्त इंजिनाची असते: ते बिघडलं तर दुसरं देतात, पण काढण्या-घालण्याची मजुरी पुन्हा तुमच्या डोक्यावर. मजुरीही हमीत असेल तरच तिला हमी म्हणा.

इंजिन जमिनीवर असताना त्यात टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, मागचं क्रँक सील आणि स्पार्क प्लग नवे घालून घ्या. इंजिनाचे माउंटही बघा. हे सगळं नंतर करायचं तर सुटे भाग तेवढेच लागतात, मजुरी मात्र कित्येक पट.

आहे तेच इंजिन पूर्ण बांधणं, ज्याला गॅरेजवाले फुल इंजिन काम म्हणतात, ते हातावर अवलंबून असतं. सिलिंडर बोअर करून (आतून थोडे मोठे कापून) ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठे पिस्टन घालतात, क्रँक ग्राइंड करून त्या मापाचे बेअरिंग बसवतात, व्हॉल्वचं सीटिंग करतात. नीट झालं तर जुन्या उचललेल्या इंजिनापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण आत काय घातलंय ते तुम्हाला ठाऊक असतं. घाईत झालं तर सहा महिन्यांत निळा धूर. या कामात मेकॅनिकइतकाच मशिनशॉपवाला महत्त्वाचा असतो, त्यामुळे मशिनचं काम कुठे करणार ते विचारा, आणि याच माणसाने बांधलेलं, दोन वर्षं चाललेलं एखादं इंजिन बघायला मिळेल का तेही विचारा. तुमच्या ब्लॉकला तडा गेला असेल तर हा पर्याय आपोआप बाद. माझं मत विचाराल तर: गाडी ४-५ वर्षं ठेवायची असेल आणि माणूस ओळखीचा असेल तर बांधून घ्या, २-३ वर्षांपुरता प्रश्न असेल तर चाचणी केलेलं जुनं इंजिन पुरे.

यांपैकी काहीही करा, गाडी का तापली याचं उत्तर मिळाल्याशिवाय नवं-जुनं कुठलंच इंजिन सुरू करू देऊ नका. फार आधी माझ्याकडच्या एका गाडीत इंजिन बदललं. बदलणाऱ्याने जुना रेडिएटर तसाच ठेवला आणि मीही विचारलं नाही. रेडिएटर आतून गाळाने निम्मा बंद होता. दुसरं इंजिन पाच महिन्यांत तापलं. तेव्हापासून मी मेकॅनिकला "काय बिघडलं" याच्या आधी "का बिघडलं" विचारते. तुमच्या बाबतीत रेडिएटर, त्याचं झाकण, पंखा आणि त्याचा स्विच, होज, पंप हे एकेक तपासून त्यांतलं दोषी कोण ते नाव घेऊन सांगायला लावा. "जुनी गाडी आहे, होतं असं" हे उत्तर चालणार नाही.

इंजिन बदललं आणि तुमच्या नोंदणीच्या कागदांवर इंजिन क्रमांक असेल, तर तो बदलून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. ज्या गाडीतून इंजिन आलं तिची पावती आणि कागद मागा. चोरीच्या गाडीचं इंजिन स्वस्तच मिळतं. पहिल्या हजारेक किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदला. बांधलेलं इंजिन असेल तर तेवढे दिवस फार रेटू नका, आणि एकाच वेगात तासन्‌तासही चालवू नका.

दुरुस्त करून विकावी का, असा विचार मनात आला असेल तर थांबा. २० ची गाडी ६५ घालून १०० ला विकली तर कागदावर १५ उरतात, पण इंजिन उघडलंय म्हटल्यावर घेणारा १०० देत नाही. गाडी विकायचीच असेल तर आहे तशी, खरं सांगून विका.

हे पत्र वाचणाऱ्या आणखी काही जणांची गाडीही उभी असेल, पण वेगळ्या कारणाने. टायमिंग बेल्ट तुटला असेल तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्वला धडकतात. हेड उघडल्यावर बहुतेकदा व्हॉल्व वाकलेले सापडतात आणि खालचा भाग वाचलेला असतो. साचलेल्या पाण्यातून जाताना गाडी बंद पडली असेल तर पुन्हा स्टार्टर मारू नका: पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर काढायचं. आणि ऑइलचा लाल दिवा लागलेला असताना गाडी चालवून खालून ठोकल्यासारखा आवाज यायला लागला असेल, तर बेअरिंग गेलंय; तिथे हेडवर खर्च करण्यात अर्थ नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. इंजिन मीच बदलून द्यावं, बरोबर आहे ना?

पैसे कुणी द्यायचे हे तुम्ही घरात ठरवा. मला खटकतं ते वेगळंच. तुम्हाला भरपाई म्हणून इंजिन घालायचंय, आणि भरपाई करणारा माणूस घासाघीस करत नाही. तो रीडिंग मागत नाही, हमी विचारत नाही, गाडीखाली वाकून गंज बघत नाही. जो आकडा सांगितला तो मुकाट मोजतो आणि वर मनात म्हणतो, बरं झालं महाग पडलं. गॅरेजमध्ये असं गिऱ्हाईक आलं की काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

आणि त्या रात्रीबद्दल. निर्मनुष्य रस्त्यावर अंधारात, मागे झोपलेल्या आईला घेऊन थांबायची भीती वाटली, हे कारण मला पूर्ण पटतं. गाडी वाचवायची असती तर थांबायला हवं होतं, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात. पुढे कधी अशी वेळ आलीच तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण लावा, काचा उघडा. हीटर इंजिनातली थोडी उष्णता आत ओढून घेतो आणि थांबायला बरी जागा सापडेपर्यंत दोन-चार मिनिटं मिळू शकतात. थांबलात की रेडिएटरचं झाकण गार होईपर्यंत उघडू नका, आणि थंड पाणी ओतू नका.

बाबांच्या प्रश्नाचंही मला वेगळं काही दिसतं. "काटा कुठे होता?" हा प्रश्न इतकी वर्षं त्या गाडीचं पाणी-ऑइल बघणाऱ्या माणसाचा आहे. मेकॅनिकने विचारायला हवा होता तोच नेमका प्रश्न त्यांनी विचारला. तुम्हाला त्यात दोषारोप ऐकू आला, तेही साहजिक, कारण तुम्ही आधीच स्वतःला दोषी ठरवून बसला होतात. त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ मी इथे बसून लावू शकत नाही. पण उत्तर मिळालं असतं तर कदाचित पुढचं वाक्य "मग हेड बघा आधी" असं आलं असतं.

उद्या गॅरेजला फोन करून वीस मिनिटांचं सांगा, गार पाण्याचंही सांगा, आणि तपासण्यांची वेळ ठरवा. आज संध्याकाळी बाबांना सांगा. आणि हेड उतरवायचं ठरलं तर त्या दिवशी त्यांना बरोबर न्या, गुडघ्यांसाठी एक खुर्ची मागून घ्या. गॅस्केट कुठे जळलंय, हेड कुठे वाकलंय हे त्यांना तुमच्यापेक्षा आधी दिसेल. काटा कुठे होता ते त्यांना त्या हेडकडे बघूनही कळेलच. त्याआधी तुमच्या तोंडून कळू द्या.